अंगण वाकडे की पटर वाकडा?

गोल्फमधील सर्वांत सौम्य साधनाची निवड : माप, मन आणि श्रावकाचा विवेक

७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी सकाळी भारतातील असंख्य घरांत गोल्फचा खेळ प्रथमच लक्षपूर्वक पाहिला गेला. टोकियो ऑलिंपिकमधील महिलांच्या स्पर्धेचा तो अखेरचा दिवस होता आणि बेंगळुरूची तेवीस वर्षांची अदिती अशोक पदकाच्या उंबरठ्यावर उभी होती. काही आठवड्यांपूर्वीच कोरोनातून उठलेली ही तरुणी लांब फटक्यांत अनेक प्रतिस्पर्ध्यांच्या मागे पडत होती. तरीही चारही दिवस ती आघाडीच्या गटात टिकून राहिली, ती चेंडू होलच्या जवळ आल्यानंतरच्या आपल्या खेळाच्या बळावर. अखेर एका फटक्याच्या फरकाने कांस्यपदक हुकले आणि ती चौथी आली. ज्या साधनाने तिला तेथवर नेले, त्याचे नाव पटर.

वर्धा जिल्ह्यातील नाचणगावच्या नित्याच्या बोलण्यात हा शब्द यावा, असे काही कारण नाही. पुलगावला लागून असलेले हे गाव कापसाच्या मुलखातले. येथील जुन्या पिढीच्या हाताला तागडी, गज आणि हिशेबाची वही अधिक परिचयाची. परंतु अशाच गावांतून शिकून बाहेर पडलेली मुले आज पुण्यात, बेंगळुरूत, दुबईत किंवा अमेरिकेत नोकरी-व्यवसाय करतात. कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर शनिवार-रविवारी गोल्फच्या मैदानावर जाण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी काहींना येतो. सुटीत घरी आलेल्या नातवाच्या सामानात ती लांब दांड्याची काठी दिसली, की आजोबांचे प्रश्न सुरू होतात. हे काय आहे? कितीला घेतले? याच्या मुठीला चामडे तर नाही ना? आणि या खेळात कोणाला इजा होत नाही ना?

हे प्रश्न साधे वाटतात, पण ते नेमके आहेत. योग्य पटर कसा निवडावा याचे उत्तर देताना दुकानदार पहिल्या दोन प्रश्नांपाशी थांबतो. श्रावकाच्या घराला मात्र चारही प्रश्नांचा विचार करावा लागतो.

निम्मा खेळ एका काठीचा

गोल्फच्या पूर्ण मैदानावर अठरा होल असतात. प्रत्येक होलसाठी किती फटके अपेक्षित आहेत, ते ठरलेले असते. त्याला पार म्हणतात. ही संख्या ठरवताना होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, प्रत्येक वेळी दोन फटके लागतील असे धरलेले असते. अठरा होलचे छत्तीस फटके झाले. संपूर्ण मैदानाचा पार बहुधा बहात्तर असतो. म्हणजे हिशेबाने निम्मा खेळ एकट्या पटरचा. नियमाप्रमाणे खेळाडूला चौदा काठ्या बाळगता येतात. उरलेल्या तेरा काठ्यांनी मिळून दुसरा निम्मा भाग सांभाळायचा.

असे असूनही नवखा खेळाडू सर्वाधिक पैसा आणि वेळ लांब फटक्याच्या काठीवर खर्च करतो. तिचा आवाज मोठा, चेंडू दूर जातो, पाहणारे वाहवा करतात. पटरने चेंडू फक्त घरंगळतो. तीन फुटांवरून चुकलेला फटका आणि तीनशे यार्डांचा दिमाखदार फटका, दोन्ही हिशेबात सारखेच एक मोजले जातात. व्यापारी घरातील माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मोठ्या सौद्यात मिळवलेले पुष्कळदा किरकोळ गळतीत जाते, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले असते.

गळती किती सूक्ष्म असते, ते अंकांतून पाहावे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. पटरचा चेहरा लक्ष्यापासून केवळ एक अंशाने वळला, तर दहा फुटांवर चेंडू सुमारे दोन इंच बाजूला जातो. होलच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर सव्वादोन इंचांहूनही थोडे कमीच आहे. म्हणजे दहा फुटांवर एका अंशाची चूक चेंडूला होलच्या काठावर नेऊन सोडते आणि पंधरा फुटांवर तीच चूक त्याला बाहेर काढते. एक अंश डोळ्यांना जाणवत नाही. म्हणूनच हाताला, उंचीला आणि नजरेला बेतलेले साधन येथे महत्त्वाचे ठरते.

दोन अभियंते आणि एक प्रश्न

भारतात गोल्फ नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा आहे. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. पुण्याच्या येरवड्याचा क्लब १८८० पासूनचा, तर मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. त्या काळातील पटर म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाला बसवलेली लोखंडाची किंवा पितळेची अरुंद पट्टी. दांडा त्या पट्टीच्या एका टोकाला जोडलेला असे.

या रचनेला पहिला मोठा धक्का अमेरिकेतील स्केनेक्टडी या शहरातून मिळाला. तेथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील आर्थर नाइट या अभियंत्याने दांडा डोक्याच्या मध्याजवळ बसवला. १९०४ मध्ये वॉल्टर ट्रॅव्हिस हा अमेरिकेचा खेळाडू असा पटर घेऊन इंग्लंडला गेला आणि ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकून आला. पुढे काही वर्षांतच ब्रिटिश नियामकांनी मध्यदांड्याच्या पटरवर बंदी घातली आणि ती सुमारे चार दशके टिकली. साधनाने न्याय्य लाभ कोणता आणि अन्याय्य कोणता, हा वाद तेव्हापासून या खेळात चालू आहे. लांब दांड्याचा पटर छातीला किंवा पोटाला टेकवून खेळण्याची पद्धत १ जानेवारी २०१६ पासून बंद झाली, तो याच वादाचा अलीकडचा अध्याय. लांब पटर आजही चालतो. तो शरीराला टेकवून स्थिर करता येत नाही, एवढेच.

दुसरा अभियंताही योगायोगाने जनरल इलेक्ट्रिकचाच. नॉर्वेत जन्मलेले कार्स्टन सोल्हाइम चाळिशी ओलांडल्यावर गोल्फ खेळू लागले. त्यांचे लांब फटके ठीक पडत, पण पटरने खेळताना चेंडू चुके. दोष आपल्या हातांचा की काठीचा, हा प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे तपासला. त्यांच्या लक्षात आले, की चेंडू पटरच्या बरोबर मध्यावर लागला नाही तर डोके हातातल्या हातात वळते. मग त्यांनी डोक्याचे वजन मध्यातून काढून दोन्ही टोकांना वाटले. तागडीची दोन्ही पारडी जड असली म्हणजे दांडी सहजासहजी गिरकी घेत नाही, तसेच हे. १९५९ मध्ये त्यांनी केलेल्या पटरचा चेंडूला लागताना येणारा आवाज ‘पिंग’ असा होता. तेच नाव त्यांच्या उद्योगाला पडले. १९६६ मध्ये आलेला त्यांचा ‘ॲन्सर’ पटर इतका यशस्वी ठरला, की आज दुकानात दिसणाऱ्या असंख्य पटरांच्या आकारात त्याची छाया आहे.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण साधनाला दोष देणाऱ्याची थट्टा करते आणि बहुतेक वेळा ती खरी असते. सोल्हाइम यांच्या बाबतीत मात्र अंगण खरोखरच थोडे वाकडे होते. तपासणीशिवाय साधनाला दोष देऊ नये आणि तपासणीशिवाय स्वतःलाही देऊ नये. एकाच बाजूने पाहून निर्णय देऊ नये, ही अनेकान्ताची शिकवण येथेही उपयोगी पडते.

निवडीची मापे

पहिले माप लांबीचे. दुकानात पुरुषांसाठी चौतीस-पस्तीस इंचांचे आणि स्त्रियांसाठी तेहतीस इंचांच्या आसपासचे पटर मांडलेले असतात. ही लांबी सरसकट असते. ती कोणा एकाच्या अंगाची नसते. खुरप्याची किंवा फावड्याची मूठ शेतकरी आपल्या हाताला बेतून घेतो, तसेच येथे करावे. खेळण्याच्या पवित्र्यात सहज वाकून उभे राहावे, हात खांद्यापासून सैल सोडावेत आणि तळवे जेथे येतील तेथे मूठ यावी. मग नाकाच्या मुळापासून, दोन डोळ्यांच्या मध्यातून, एक चेंडू खाली सोडून पाहावा. तो जमिनीवरील चेंडूवर किंवा त्याच्या किंचित अलीकडे, पायांच्या बाजूला पडला तर लांबी योग्य. फार अलीकडे पडला तर पटर बहुधा लांब आहे. बहुसंख्य नवख्यांची चूक लांब पटर घेण्याचीच असते.

दुसरे माप बैठकीचे. पटरचे बूड जमिनीवर सपाट टेकले पाहिजे. टाच किंवा बोट उचललेले असेल, तर चेहऱ्याचा रोख थोडा बदलतो. सपाट फरशीवर पवित्रा घेऊन घरातील कोणालाही बुडाखाली पातळ कागद सरकवायला सांगावे. एका बाजूने कागद खोल जातो आणि दुसऱ्या बाजूने अडतो, असे झाले तर दांड्याचा कोन आपल्याला बेतलेला नाही. पुष्कळ धातूंच्या पटरांत हा कोन जाणकार कारागीर दोन-तीन अंशांनी बदलून देतो. त्यासाठी नवा पटर घ्यावा लागत नाही.

तिसरे माप चेहऱ्याच्या उताराचे, म्हणजे लॉफ्टचे. पटरचा चेहरा अगदी उभा दिसतो, पण तो बहुधा तीन-चार अंश मागे कललेला असतो. गवतात स्थिर झालेला चेंडू स्वतःच्या वजनाने किंचित रुतलेला असतो. त्याला त्या खोलगटातून अलगद वर काढून घरंगळत सोडण्यासाठी हा उतार लागतो. भारतातील बहुतेक ग्रीनवर बर्म्युडा जातीचे गवत असते. ते आडवे पसरते आणि त्याच्या पात्यांचा कल चेंडूला ओढतो. ते थोडे वाढलेले असेल तर चेंडू हळू चालतो आणि उतार फार कमी असलेला पटर तेथे चेंडूला दाबून उडवतो. देशातील काही लष्करी आणि लहान मैदानांवर पाण्याअभावी हिरवळीऐवजी तेल घातलेल्या वाळूचे ‘ब्राऊन’ असतात. तेथे गवताचा कल हा प्रकारच नसतो. परदेशातील मासिकातील शिफारस वाचून पटर मागवण्यापेक्षा आपण कोणत्या जमिनीवर खेळणार, हे आधी पाहावे.

चौथे माप डोक्याच्या घडणीचे. ढोबळमानाने दोन घराणी आहेत. अरुंद पट्टीसारखे ते ब्लेड, मागे रुंद पसरलेले ते मॅलेट. मॅलेटचे वजन दूरवर वाटलेले असल्यामुळे चेंडू मध्यावर लागला नाही तरी डोके कमी वळते, म्हणून चूक सौम्य होते. ब्लेडमध्ये हाताला चूक स्पष्ट जाणवते. कोणते चांगले, याचे उत्तर खेळाडूच्या हाताच्या चालीत दडलेले आहे. पटरचा दांडा आडवा धरून बोटावर तोलावा. चेहरा सरळ आकाशाकडे राहिला तर तो समतोल चेहऱ्याचा पटर; तो सरळ मागे आणि सरळ पुढे नेणाऱ्याला बहुधा मानवतो. डोक्याचे बोट खाली झुकले तर तो कमानीच्या चालीने खेळणाऱ्याला. आपली चाल कोणती, हे पाहण्यासाठी फरशीच्या सरळ सांध्यावर पटर ठेवून डोळे मिटून दहा-बारा वेळा हलवावा आणि घरातील कोणाला पाहायला सांगावे. सांध्यावरच राहतो की आत वळतो, हे लगेच दिसते. हा नियम सुरुवात करण्यापुरता आहे. अखेरचा निर्णय चेंडू देतो.

पाचवे माप नजरेचे, आणि ते सर्वांत दुर्लक्षित. काही पटरांवर एकच रेघ असते, काहींवर दोन-तीन, काहींवर ठिपका, काही कोरे. प्रत्येकाची नजर या खुणांना वेगळा प्रतिसाद देते. सहा फुटांवर नाणे ठेवावे, पटर त्याच्या दिशेने लावावा, हलवू नये. दुसऱ्या व्यक्तीने काटकोनी पट्टी चेहऱ्याला लावून रोख नाण्याकडे आहे का ते पाहावे. एकच माणूस एका पटरने सतत डावीकडे आणि दुसऱ्याने अचूक नेम धरतो, असा अनुभव येतो. जो पटर दहापैकी आठ-नऊ वेळा सरळ लागतो, तो आपला. त्याची किंमत आणि नाव यानंतर पाहावे.

राहिली मूठ आणि वजन. जाड मूठ मनगटाची अनावश्यक हालचाल कमी करते, बारीक मूठ बोटांना अधिक जाणीव देते. ज्याचे मनगट घाईच्या वेळी वळते त्याने जाड मूठ वापरून पाहावी. डोक्याचे वजन बहुधा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असते. जड डोके हाताचा कंप झाकते, पण काहींना त्यामुळे अंतराचा अंदाज येत नाही. तीस फुटांवरून दहा चेंडू मारून ते किती जवळजवळ थांबतात, हे पाहिले म्हणजे वजनाचा प्रश्न सुटतो.

लहान मुलांच्या बाबतीत एक सूचना. वडिलांचा जुना पटर कापून मुलाला देण्याची प्रथा सर्रास आहे. दांडा कापला की लांबी कमी होते, डोक्याचे वजन मात्र तेवढेच राहते आणि कोवळ्या मनगटाला ते पेलत नाही. मुलांसाठी हलक्या डोक्याचा आखूड पटर मिळतो. एका मुलाने वापरून झाला, की तो धाकट्या भावंडाला किंवा दुसऱ्या घराला द्यावा.

आजोबांचा तिसरा प्रश्न

मुठीला चामडे आहे का? हा प्रश्न गोल्फच्या इतिहासात खोलवर जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू चामड्याच्या पिशवीत उकडलेली हंसाची पिसे ठासून शिवलेला असे. १८४८ च्या सुमारास मलाया भागातील झाडांच्या चिकापासून, गट्टापर्चापासून, चेंडू बनू लागला आणि पिसांचा चेंडू पाहता पाहता संपला. तो टिकाऊ होता, स्वस्त होता, म्हणून जिंकला. दया हे त्यामागचे कारण नव्हते. परंतु परिणाम असा झाला, की आजच्या चेंडूत रबर आणि कृत्रिम आवरणे असतात. पटरची मूठही पूर्वी चामड्याच्या पट्टीने गुंडाळत. आज ती बहुधा रबर किंवा पॉलियुरेथेनची असते. तरीही ‘पारंपरिक’ म्हणून चामड्याची मूठ विकणारे आहेत आणि ती किमती असल्यामुळे भेट म्हणून दिली जाते. घेताना विचारावे. आधीच हातात आली असेल तर मूठ बदलणे अर्ध्या तासाचे, अल्प खर्चाचे काम आहे.

चामड्याचा खरा शिरकाव हातमोज्यातून होतो. महागडे गोल्फचे हातमोजे ‘कॅब्रेटा’ या नावाने विकले जातात. हे नाव ऐकायला कापडाचे वाटते. प्रत्यक्षात ते मेंढीचे कातडे असते. कृत्रिम तंतूंचे हातमोजे सहज मिळतात, पावसात अधिक टिकतात आणि स्वस्तही असतात. पटरने खेळताना तर बहुतेक खेळाडू हातमोजा काढूनच ठेवतात. उघड्या बोटांना चेंडूचा स्पर्श अधिक कळतो. बूट, पिशवी, पटरच्या डोक्यावरील टोपण यांचीही चिठ्ठी वाचून पाहावी. ‘अस्सल चामडे’ असे लिहिलेले नसले, तरी विचारणे योग्य. भगवान महावीरांच्या अनुयायाला दुकानात हा प्रश्न विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही. पाच ग्राहकांनी विचारले, की दुकानदार सहाव्यासाठी माल मागवून ठेवतो.

चौथा प्रश्न : इजा

आचार्य समन्तभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन खणणे, पाणी वाया घालवणे, वनस्पती तोडणे, निष्कारण भटकणे असे त्याचे स्वरूप. गोल्फच्या मैदानाकडे या नजरेने पाहिले, तर अडचण होते. विस्तीर्ण गवत, त्यावर पडणारे पाणी आणि औषधे, लोखंडी काठीच्या फटक्याने उखडणारी मातीची ढेकळे, हे सारे खेळासाठीच आहे. व्यायाम, सहकाऱ्यांशी सलोखा आणि मोकळी हवा हा हेतू पुरेसा आहे की नाही, हे प्रत्येक श्रावकाने आपल्या व्रताच्या मर्यादेत ठरवायचे आहे. या प्रश्नाला सोयीचे उत्तर देऊन तो मिटवता येत नाही.

परंतु तेरा काठ्यांत आणि पटरमध्ये येथे एक भेद आहे. पटर जमिनीला ओरखडत नाही. त्याचे काम चेंडूला हलकेच ढकलण्याचे. तो घरातील गालिच्यावर, गच्चीवर, शेणाने सारवलेल्या अंगणातही चालतो. चातुर्मासात ओल्या हिरवळीवर जीवजंतूंची संख्या वाढते, तेव्हा अनेक जैन कुटुंबे अनावश्यक फिरणे टाळतात. त्या चार महिन्यांत मैदानाला विश्रांती देऊन घरी सतरंजीवर पटरचा सराव करणाऱ्याचे काहीही बिघडत नाही. निम्मा खेळ तर तोच आहे. संध्याकाळच्या नऊ होलांसाठी सूर्यास्तापूर्वीचे भोजन चुकत असेल, तर सकाळची वेळ निवडता येते.

आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे. ग्रीनवर, पटर हातात असताना, ‘हा गेला तर इतके’ अशी पैज लावण्याची रीत अनेक गटांत असते. रक्कम क्षुल्लक असते, थट्टेत बोलले जाते. सप्तव्यसनांत द्यूताचा क्रम पहिला आहे आणि त्यात रकमेचा उल्लेख नाही. ‘मी पैजेविना खेळतो’ हे पहिल्याच दिवशी हसतमुखाने सांगितले, की पुढे कोणी आग्रह करत नाही. पहिल्या दिवशी गप्प राहिले, तर दहाव्या दिवशी बोलणे अवघड होते.

किती घ्यावेत?

पटरची किंमत काही हजार रुपयांपासून अर्ध्या लाखापर्यंत जाते. मोठ्या किमतीत धातू कोरण्याची सफाई असते, नाव असते, रंग असतो. चेंडूला यांपैकी काहीच वाचता येत नाही. दोन-चार फटके चुकले, की नवा पटर घेण्याची इच्छा या खेळात अत्यंत सामान्य आहे. नव्या पटरने आठवडाभर चेंडू जातोही, कारण नवेपणामुळे खेळाडू लक्ष देऊन खेळतो. लक्ष ओसरले, की तो पटरही कोपऱ्यात जातो. अनेक हौशी खेळाडूंच्या घरी असे पाच-सात पटर उभे असतात आणि प्रत्येकाच्या मागे एकेका निराशेची गोष्ट असते.

परिग्रहपरिमाण व्रत घेतलेल्याला येथे साधे सूत्र आहे. एक पटर. घेण्यापूर्वी महिनाभर वेगवेगळे मागून वापरून पाहावेत. सहकारी आनंदाने देतात. वापरलेला पटर विकत घ्यायला हरकत नाही, कारण लांबी, मूठ आणि कोन या तिन्ही गोष्टी पुढे बदलून घेता येतात. एकदा निवडला, की किमान एक वर्ष दुसऱ्याकडे पाहू नये. अमेरिकेचे थोर खेळाडू बॉबी जोन्स यांचे नाव ‘कॅलॅमिटी जेन’ या त्यांच्या साध्या पटरशी कायमचे जोडले गेले आहे, ते या निष्ठेमुळेच.

सराव किती करावा? सामायिकाचा काळ दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटे. तेवढा वेळ मन एका ठिकाणी ठेवणे किती कठीण, हे करणाऱ्याला ठाऊक असते. पटरचा सराव ही सामायिकाची बरोबरी करणारी गोष्ट नव्हे. त्या दोहोंचे प्रयोजनच भिन्न आहे. परंतु सामायिकाने ज्याला श्वास पाहण्याची सवय लागली आहे, त्याला तीन फुटांच्या फटक्यापूर्वी हात थरथरू लागला तर काय करावे, हे वेगळे शिकवावे लागत नाही. चेंडू गेला तर हर्ष नाही, चुकला तर खेद नाही, ही समता ग्रीनवर टिकली तर ती दुकानाच्या गादीवर आणि घराच्या वाटणीतही टिकण्याची शक्यता वाढते.

नाचणगावच्या आजोबांना नातवाने त्याच्या काठीची माहिती द्यावी, ती अशा क्रमाने. माझ्या उंचीला बेतून घेतला आहे. मूठ रबराची आहे, हातमोजा कापडी आहे. एकच आहे, दुसरा घेणार नाही. पैज लावत नाही. चातुर्मासात घरीच खेळतो. मग अंगणात एक वाटी आडवी ठेवून पटर आजोबांच्या हाती द्यावा. ज्या हाताने आयुष्यभर तागडीची दांडी काट्यावर स्थिर होताना पाहिली, त्याला चेंडू किती हलकेच ढकलायचा हे चार प्रयत्नांत कळेल.